हॅमिल्टनचा तिसरा ड्यूक कोण : नवरा की बायको?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सतराव्या शतकातील स्कॉटिश उमराव विल्यम डग्लस याच्यावर आपण मराठीत चरित्रलेख लिहीत आहात. एका पुस्तकात त्याला ‘हॅमिल्टनचा तिसरा ड्यूक’ म्हटले आहे, दुसऱ्यात त्याची पत्नी ॲन हीच ‘तिसरी डचेस’ आहे, आणि तिसऱ्यात ‘विवाहामुळे तो ड्यूक झाला’ असे एका ओळीत उरकले आहे. यांपैकी खरे कोणते, हे लग्न संपत्तीसाठी झाले की आपखुशीने, आणि राजकारणात तो सतत बाजू बदलताना दिसतो त्यामागे बायकोचा हात होता का, असे आपण विचारले आहे. चरित्रविषयक नोंदी लिहिण्याचे आणि तपासण्याचे काम मी वीसेक वर्षे करतो आहे, आणि या नोंदीत मी स्वतः एकदा सपशेल चुकलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझ्या मते आपण विचारलेले तिन्ही प्रश्न एकाच प्रश्नाची पिल्ले आहेत : त्या घरातली मालकी कोणाची होती? हे एकदा पक्के झाले की किताबाचा घोळ सुटतो, लग्नाकडे पाहण्याची दृष्टी बदलते आणि राजकारणही बऱ्याच अंशी उलगडते.

स्कॉटलंडमध्ये उमरावाचा किताब कोणाकडे जाणार, हे सरसकट नियमाने सांगता येत नाही. ते त्या किताबाच्या सनदेवर अवलंबून असते. काही सनदा फक्त पुरुष वारसांपुरत्या असतात, तर काहींत मुलीलाही हक्क असतो. हॅमिल्टनच्या ड्यूकपदाची सनद पहिल्या चार्ल्स राजाने १६४३ साली जेम्स हॅमिल्टनला दिली. तिच्यातला वारसाक्रम असा होता : आधी जेम्सचे पुत्र, ते नसतील तर त्याचा भाऊ विल्यम आणि त्याचे पुत्र, आणि तेही नसतील तर जेम्सची सर्वांत मोठी मुलगी. तिच्यानंतर किताब तिच्या पुरुष वारसांकडे जावा, मात्र त्यांनी हॅमिल्टन हेच नाव आणि हॅमिल्टन घराण्याचीच चिन्हे धारण करावीत, अशी अट होती. ही अट लक्षात ठेवावी. पुढे ती उपयोगी पडणार आहे.

सनद लिहिली तेव्हा मुलीचे कलम बहुधा कोणी गंभीरपणे घेतले नसेल, पण आठ वर्षांत वेळ नेमकी तिथेच येऊन ठेपली. जेम्सचे मुलगे लहानपणीच वारले होते. १६४८ मध्ये इंग्लंडच्या संसदेच्या कैदेतल्या राजाला सोडवण्यासाठी तो स्कॉटिश फौज घेऊन इंग्लंडमध्ये उतरला, प्रेस्टनला त्याचा पराभव झाला आणि ९ मार्च १६४९ रोजी, राजाचा शिरच्छेद होऊन सहा आठवडे होत नाहीत तोच, लंडनमध्ये त्याचेही डोके उडवण्यात आले. त्याचा भाऊ विल्यम दुसरा ड्यूक झाला. सप्टेंबर १६५१ मध्ये वुस्टरच्या लढाईत तो जखमी झाला आणि थोड्याच दिवसांत मरण पावला. त्याच्या मागे मुली होत्या, पण सनदेने त्यांना वगळून थोरल्या भावाच्या मुलीला पुढे ठेवले होते. अशा रीतीने १९ वर्षांची ॲन स्वतःच्या हक्काने हॅमिल्टनची डचेस झाली.

या किताबाबरोबर तिच्या हाती आले ते मुख्यतः कर्ज. वडील आणि काका या दोघांनी राजासाठी पैसा उधळला होता, आणि राजाला हटवून सत्तेवर आलेल्या क्रॉमवेलच्या राजवटीने मालमत्ता जप्त केली होती. १६५४ मध्ये स्कॉट लोकांना माफी देणारा हुकूम निघाला, पण त्यातून ज्या घराण्यांना वगळले त्यांत हॅमिल्टन होते. राजवाड्याची वारस असलेली ही मुलगी त्या काळात जवळच्या रानातल्या एका छोट्या घरात राहत होती, असे परंपरेने सांगतात. तिला घडवले होते आजीने. ही आजी, ॲना कनिंगहॅम, कट्टर प्रेस्बिटेरियन (बिशपांची सत्ता न मानणाऱ्या प्रोटेस्टंट पंथाची) होती. १६३९ साली स्वतःचा मुलगा राजाचे आरमार घेऊन आला तेव्हा ‘किनाऱ्यावर पाय ठेवलास तर गोळी घालीन’ म्हणून ती पिस्तूल घेऊन घोड्यावर बसली होती, अशी तिची ख्याती आहे. ॲनच्या स्वभावाचा विचार करताना या आजीला विसरू नये.

आता नवरदेवाकडे वळू. विल्यम डग्लसचा जन्म २४ डिसेंबर १६३४ चा. तो मार्क्विस ऑफ डग्लसचा दुसऱ्या पत्नीपासून झालेला मुलगा, म्हणजे मुख्य जहागिरीचा वारस नव्हे. वयाच्या अकराव्या वर्षी, १६४६ मध्ये, त्याला अर्ल ऑफ सेल्कर्क करण्यात आले. नाव मोठे, जमीन बेताची. घर कॅथलिक होते, पण लग्नाआधी त्याने प्रोटेस्टंट पंथ स्वीकारला. २९ एप्रिल १६५६ रोजी एडिंबराजवळच्या कॉरस्टॉर्फिन येथे दोघांचे लग्न झाले, तेव्हा ती २४ वर्षांची आणि तो २१ वर्षांचा होता.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तो ड्यूक झाला का? नाही. चार वर्षे तो अर्ल ऑफ सेल्कर्कच होता आणि त्याची बायको त्याच्याहून वरच्या दर्जाची होती. १६६० मध्ये दुसरा चार्ल्स गादीवर आला, तेव्हा ॲनने विनंतीअर्ज केला आणि तिच्या अर्जावरून राजाने विल्यमला हॅमिल्टनचा ड्यूक केले. हा किताब केवळ त्याच्या हयातीपुरता होता. वंशपरंपरेचे ड्यूकपद ॲनकडेच राहिले. मोजणीत मात्र नवरा-बायको दोघेही ‘तिसरे’ ठरतात, आणि त्यांचा मुलगा ‘चौथा’. आपल्याला दिसलेला विरोधाभास हा एवढाच आहे.

माझी चूक इथेच झाली होती. विल्यम १८ एप्रिल १६९४ रोजी होलीरूड येथे वारला. थोरल्या मुलाच्या, जेम्सच्या, नोंदीत मी न तपासता लिहून टाकले की ‘वडिलांच्या मृत्यूनंतर १६९४ मध्ये तो चौथा ड्यूक झाला’. एका वाचकाने नम्रपणे विचारले की मग १६९६ च्या कागदांत तो अर्ल ऑफ अरन म्हणून, म्हणजे ड्यूकच्या वारसाला लावतात त्या नावाने, कसा काय येतो? मी कागद पुन्हा काढले आणि वरमलो. बाप मेल्यावर मुलाला काहीच मिळाले नव्हते, कारण बापाकडे देण्यासारखे ड्यूकपद नव्हतेच. ते आईकडे होते आणि आई हयात होती. १६९८ मध्ये ॲनने आपला किताब राजाच्या हाती परत केला आणि राजाने तो १६४३ च्या मानक्रमासह, म्हणजे तो तेव्हापासूनचाच धरून, मुलाला दिला. तेव्हा कुठे तो ड्यूक झाला. वयाच्या चाळिशीपर्यंत त्याला आईच्या मर्जीची वाट पाहावी लागली. मालकी कोणाची, याचा याहून स्वच्छ पुरावा मला ठाऊक नाही. तेव्हापासून कोणत्याही उमरावाची नोंद लिहिताना मी वडिलांच्या मृत्यूची तारीख आणि मुलाला किताब मिळाल्याची तारीख शेजारी शेजारी ठेवून पाहतो. दोन्हींत अंतर दिसले, तर तिथे बहुधा एखादी बाई उभी असते.

‘विवाहामुळे ड्यूक झाला’ हे वाक्य का टाळावे, ते त्याच काळातल्या इतर जोडप्यांवरूनही दिसेल. एलिझाबेथ मरे ही स्वतःच्या हक्काने काउंटेस ऑफ डायसर्ट होती. तिचा पहिला नवरा सर लायोनेल टॉलमॅश मरेपर्यंत सर लायोनेलच राहिला. कोणी त्याला अर्ल केले नाही. १६७२ मध्ये तिने स्कॉटलंडचा कारभार पाहणाऱ्या लॉडरडेलशी दुसरे लग्न केले. त्याच वर्षी तो ड्यूक झाला खरा, पण तो स्वतःच्या राजकीय बळावर. दुसरे उदाहरण बक्लू घराण्याचे. तिथली वारस मेरी स्कॉट हिचे लग्न १६५९ मध्ये, वयाच्या अवघ्या अकराव्या वर्षी, चौदा वर्षांच्या वॉल्टर स्कॉटशी लावून दिले. त्यालाही १६६० मध्ये हयातीपुरता अर्ल ऑफ टॅरस केले गेले, म्हणजे विल्यमसारखाच प्रकार. मेरी १६६१ मध्ये वारली आणि सगळी मालमत्ता तिच्या बहिणीकडे गेली. टॅरसच्या हाती किताबापलीकडे फारसे उरले नाही. ही बहीण, तिचेही नाव ॲन, १६६३ मध्ये दुसऱ्या चार्ल्सच्या अनौरस मुलाला, ड्यूक ऑफ मॉनमथला, दिली. त्याने बायकोचे स्कॉट हे आडनाव घेतले आणि दोघांना बक्लूचे ड्यूक व डचेस करण्यात आले. १६८५ मध्ये बंडाबद्दल मॉनमथचे डोके उडाले, पण बक्लूची डचेस डचेसच राहिली, कारण तिचा किताब नवऱ्याच्या गळ्यात अडकवलेला नव्हता.

आता आपला दुसरा प्रश्न : संपत्तीसाठी की आपखुशीने? खरे सांगायचे तर हा प्रश्न मी चरित्रनायकाला विचारणे सोडून दिले आहे. त्या वर्गातल्या विवाहात करारनामा आधी होई आणि मने नंतर जुळत, किंवा जुळत नसत. शिवाय ‘संपत्तीसाठी’ म्हणावे, तर १६५६ मध्ये ॲनकडे होते काय? जप्त झालेली जमीन, वडिलांचे कर्ज आणि एक मोठे नाव. विल्यम स्वतःही क्रॉमवेलने दंड ठोठावलेल्या सरदारांच्या यादीत होता. दोघांनी दंड भरून, उसनवारी करून आणि खटले लढवून मालमत्ता टप्प्याटप्प्याने सोडवून घेतली. याला श्रीमंत वारसदारणीवर टाकलेला डल्ला म्हणता येत नाही. ती एक दिवाळखोर जहागीर चालवायला घेतलेली भागीदारी होती.

इथे मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर चटकन ‘घरजावई’ उभा राहील, आणि आपल्या लेखात हा शब्द वापरण्याचा मोह आपल्यालाही होईल. तो पूर्णपणे चुकीचा नाही. विल्यम बायकोच्या घरी राहायला गेला, तिच्या घराण्याचे नाव त्याने लावले, मुलेही हॅमिल्टन झाली. सनदेतली ती अट आठवत असेलच. स्कॉटलंडमध्ये लग्नानंतर बाई माहेरचेच आडनाव ठेवत असे, त्यामुळे तिथे बायकोचे नाव न बदलण्यात काही विशेष नव्हते. नवऱ्याने बदलणे हेच विशेष होते. आपल्याकडच्या संस्थानिकाला मुलगा नसता तर त्याने दत्तक घेतला असता, पण स्कॉटिश कायद्यात दत्तकाची सोय १९३० पर्यंत नव्हती, म्हणून घराण्याचे नाव टिकवायला जावयालाच नाव द्यावे लागे. एवढ्यापुरते साम्य ठीक आहे.

पण घरजावई या शब्दाला आपल्याकडे जो मिंधेपणा चिकटलेला आहे, तो इथे लावू नये. तिथल्या कायद्याने नवऱ्याला बरेच अधिकार दिले होते. पत्नीची जंगम मालमत्ता लग्नाबरोबर नवऱ्याची होई आणि तिच्या स्थावराची व्यवस्था पाहण्याचा हक्क त्याला मिळे. तिच्या व्यवहारांना त्याची संमती लागे. मात्र तिची जमीन तिच्या संमतीशिवाय त्याला विकता येत नसे. पत्नी आधी वारली आणि त्यांना जिवंत मूल झालेले असेल, ज्याचे रडणे कोणीतरी ऐकले आहे, तर तिच्या जमिनीचे उत्पन्न विधुराला हयातभर मिळे. (रडणे ऐकल्याची ही अट वकिलांनी अक्षरशः साक्षीदार आणून सिद्ध करायची असे.) करारनाम्यात यांतले काही हक्क कमी-जास्त करता येत, म्हणून कोणत्याही विशिष्ट जोडप्याबद्दल बोलण्याआधी त्यांचा करारनामा पाहावा, असे मी नेहमी सांगतो. मथितार्थ इतकाच की मालकी तिची, कारभार बऱ्याच अंशी त्याचा आणि सही दोघांची. प्रेमाचा शोध घ्यायचाच असेल, तर तो जन्मतारखांत आणि पत्रांत घ्यावा. त्यांना १३ मुले झाली. तो संसदेसाठी एडिंबराला किंवा दरबारासाठी लंडनला जाई, तेव्हा दोघांत पत्रे जात. त्या घराण्याचे कागद आज एडिंबरा येथील राष्ट्रीय अभिलेखागारात ‘जीडी ४०६’ या क्रमांकाखाली आहेत. ज्या घरात राजकारणाची बातमी बायकोला सविस्तर कळवली जाते, तिथे ती नुसती घर सांभाळणारी नसते, असा माझा अनुभव आहे.

राजकारणातल्या कोलांट्यांबद्दल. आपण त्यांना कोलांट्या म्हटले आहे. मी ‘हात राखून खेळणे’ म्हणेन. सुरुवातीला तो राजनिष्ठ होता. १६६२ मध्ये ग्लासगोला झालेल्या ज्या बैठकीने शेकडो प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशकांना चर्चमधून काढले, त्या दिवशी सगळेच प्यालेले होते, असे त्याने स्वतः सांगितल्याचे इतिहासकार गिल्बर्ट बर्नेट नमूद करतो. नोव्हेंबर १६७३ मध्ये संसद भरली तेव्हा राजप्रतिनिधी लॉडरडेलला पैशांची मंजुरी हवी होती. हॅमिल्टनने उठून सांगितले की आधी मीठ, ब्रँडी आणि तंबाखू यांच्या मक्तेदारीबद्दलची गाऱ्हाणी ऐका. तिथून तो विरोधी पक्षाचा पुढारी झाला, आणि १६७६ मध्ये त्याला प्रिव्ही कौन्सिलमधून, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळातून, काढले. १६७८ मध्ये सरकारने पश्चिमेकडच्या परगण्यांवर हायलँडमधली, म्हणजे उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखातली, फौज बसवली, तेव्हा गाऱ्हाणे घेऊन तो लंडनला गेला. ज्यांच्या घरांत ती फौज बसली होती, त्यांत त्याच्या, म्हणजे खरे तर ॲनच्या, कुळांचा भरणा होता, हे इथे ध्यानात घ्यावे.

ॲन उघडपणे प्रेस्बिटेरियन होती आणि तिचा भोवतालचा सगळा मुलूखही. जून १६७९ मध्ये हॅमिल्टनपासून हाकेच्या अंतरावर बॉथवेलच्या पुलाजवळ प्रेस्बिटेरियन बंडखोरांचा मोड झाला. पळालेली माणसे तिच्या रानात शिरली, तेव्हा तिने राजाच्या फौजेचा सेनापती मॉनमथ याला निरोप धाडला की शिपाई आत शिरले तर माझी शिकार बुजेल, आणि त्याने पाठलाग थांबवला, अशी तिकडे आख्यायिका आहे. आपल्या लेखात ती घ्यावी, पण आख्यायिका म्हणूनच.

दुसऱ्या चार्ल्सनंतर गादीवर आलेल्या त्याच्या कॅथलिक भावाच्या, सातव्या जेम्सच्या, काळात विल्यम पुन्हा कौन्सिलमध्ये दिसतो. गार्टरचा, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च सरदारी पंथाचा, सन्मान त्याला १६८२ मध्येच मिळाला होता. कॅथलिकांवरचे निर्बंध उठवण्यास संमती द्या असे राजाने विचारले, तेव्हा त्याने ना हो म्हटले ना नाही. याच सुमारास, १६८८ मध्ये, त्याने स्वतःचा सेल्कर्कचा किताब राजाकडे परत करून चार्ल्स या धाकट्या मुलाला मिळवून दिला. हॅमिल्टनचा किताब त्याच्या हातात नव्हता, पण सेल्कर्कचा होता. आपल्या हाती जे आहे ते त्याने वेळीच पुढच्या पिढीकडे पोहोचवले.

मग १६८९ उजाडले. जेम्स राजा देश सोडून गेला होता. जानेवारीत लंडनमध्ये स्कॉटिश सरदारांची सभा भरली आणि तिचे अध्यक्षपद विल्यमकडे होते. त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या थोरल्या मुलाने उभे राहून जेम्स राजालाच परत बोलवावे असे सुचवले. सभेने ते नाकारले आणि जेम्सचा डच जावई, ऑरेंजचा विल्यम, याला कारभार हाती घेण्याची विनंती केली. १४ मार्चला एडिंबरात इस्टेट्सची, म्हणजे संसदेतल्या वर्गांची, परिषद भरली, तेव्हा अध्यक्षपदाच्या निवडणुकीत आपल्या विल्यम हॅमिल्टनने मार्क्विस ऑफ अथॉलला हरवले. हा अथॉल त्याचा व्याही, कारण त्याची मुलगी कॅथरीन अथॉलच्या मुलाला दिलेली होती. आणि त्याच वेळी एडिंबराचा किल्ला जेम्सच्या वतीने धरून बसलेला ड्यूक ऑफ गॉर्डन हा त्याच्या आईच्या माहेरचा. एप्रिलमध्ये परिषदेने हक्कांचा जाहीरनामा संमत केला आणि विल्यम व मेरी यांना राज्य दिले. पुढे त्याच वर्षी आणि पुन्हा १६९३ मध्ये विल्यम हॅमिल्टन संसदेतला राजप्रतिनिधी झाला.

बाप नव्या राजाकडे आणि मुलगा जुन्याकडे, ही ठरवून केलेली चाल होती का, असे मला अनेकदा विचारतात. काही घराण्यांनी अशी चाल खेळली, यात शंका नाही. या घरात मात्र मला ती दिसत नाही, कारण मुलगा आईबापांच्या डोक्याला ताप होता. उधळेपणा आणि कर्जे हे त्याचे जुने दुखणे. शिवाय चालच करायची तर गमावण्यासारखे ज्याच्या नावावर काही आहे, अशा माणसाला दुसऱ्या बाजूला ठेवतात. मुलाच्या नावावर अजून काहीच नव्हते. खरे संरक्षण वेगळेच होते : नवऱ्याचे राजकारण फसले असते तरी किताब आणि जमीन बायकोच्या नावावर होती. बक्लूच्या घरात जे घडले ते विल्यमने पाहिले होते. त्याचा धीटपणा आणि त्याची कुंपणावरची बैठक, दोन्ही मी या प्रकाशात वाचतो. बायको पडद्याआडून दोऱ्या ओढत होती, असे मात्र लिहू नये. तापट आणि मोकळ्या स्वभावाचा हा माणूस कोणाच्या दोरीवर नाचणारा नव्हता. तो बायकोच्या घराण्याचा कारभारी म्हणून विचार करत होता, इतके म्हणणे पुरेसे आहे.

लिहिताना दोन बारीक गोष्टी सांभाळाव्यात. स्कॉटलंडने १६०० पासून १ जानेवारीला वर्ष सुरू केले, पण इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत ते २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे लंडनच्या कागदांत जेम्स हॅमिल्टनच्या शिरच्छेदाचे वर्ष १६४८ आणि सरदारांच्या सभेचे १६८८ दिसले, तर गोंधळू नये. दुसरे म्हणजे १२ स्कॉटिश पौंडांचा एक स्टर्लिंग पौंड होई. कर्जाचा आकडा उतरवताना तो कोणत्या पौंडात आहे ते न पाहिल्यास बारापट चूक होते. ॲनने १६९६ मध्ये डेरियनच्या (मध्य अमेरिकेत स्कॉटिश वसाहत काढू पाहणाऱ्या) कंपनीत ३,००० पौंड गुंतवले, ते स्टर्लिंग होते, आणि भागधारकांच्या वहीत पहिले नाव तिचेच आहे.

आणि चरित्रलेख १६९४ वर संपवू नये. ज्या हॅमिल्टन राजवाड्याची पुनर्बांधणी दोघांनी आखली होती, तो वास्तुविशारद जेम्स स्मिथकडून ॲनने विधवा झाल्यावर पुरा करून घेतला. (विसाव्या शतकात खालच्या कोळशाच्या खाणींमुळे जमीन खचू लागली आणि तो पाडावा लागला.) मुलाला किताब दिल्यावरही ती वृद्धापकाळापर्यंत हॅमिल्टनमध्येच राहिली. १७१२ मध्ये तो मुलगा लंडनमध्ये लॉर्ड मोहनशी झालेल्या द्वंद्वयुद्धात मारला गेला, तेव्हाही ती हयात होती. ती वारली १७ ऑक्टोबर १७१६ रोजी, नवऱ्यानंतर २२ वर्षांनी. पहिल्या परिच्छेदासाठी आपण असे काही लिहू शकाल : ‘विल्यम डग्लस, अर्ल ऑफ सेल्कर्क, हॅमिल्टनची स्वतःच्या हक्काने डचेस असलेल्या ॲनशी १६५६ मध्ये विवाह, तिच्या विनंतीवरून १६६० मध्ये हयातीपुरता हॅमिल्टनचा ड्यूक.’